घाऊक भावातला जपान

देव भावाचा भुकेला असतो, असे आपल्याकडे म्हणतात. अतिथी हाही देवच. तेव्हा तोही भावाचाच भुकेला असणार, हे ओघानेच आले. परंतु अतिथीचा हा ‘भाव’ दोन प्रकारचा असतो, एक किरकोळ आणि दुसरा घाऊक, हे ज्ञान मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिले नाही. ते मिळाले एका सहल-कचेरीत.

गेले दीड वर्ष मी कॉलेज सुटल्यावर शहरातल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजंटाकडे संध्याकाळचे तीन तास काम करते. परदेशाहून येणारी सहलींची इंग्रजी पत्रके गिऱ्हाइकांसाठी मराठीत उतरवायची, हे माझे काम. विशेष विषय मराठी घेतलेल्या मुलीला याहून बरे काम काय मिळणार, असे आमच्या घरी सर्वांचे मत आहे; आणि फीपुरते पैसे सुटतात म्हणून माझेही आहे. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. ती इतर दहा कचेऱ्यांसारखी आहे, आणि तिचे मालक भले गृहस्थ आहेत. मला बोलायचे आहे ते त्या कचेरीत येणाऱ्या एका कागदाविषयी. त्यातही जपानच्या सहलींच्या कागदाविषयी, कारण सध्या आमच्याकडे विचारणा सर्वांत जास्त त्याच देशाची असते.

हा कागद दोन जातींचा असतो. एकावर फुललेली चेरी, मागे बर्फाची टोपी घातलेला फुजी आणि किमोनोतील तरुणी. तो गिऱ्हाइकासाठी. दुसऱ्यावर चित्र नसते, नुसते रकाने असतात, आणि माथ्यावर ‘केवळ व्यावसायिकांसाठी’ अशी ताकीद. हॉटेले आणि तिथले स्थानिक व्यवस्थापक आपल्या एजंटांना जी ‘ऑफर’ देतात, ती ही. गिऱ्हाईक हा दुसरा कागद जन्मात पाहत नाही. पण त्याला कोणता जपान दिसणार, तो कुठल्या खोलीत झोपणार, काय जेवणार आणि कुठे ‘वेळेअभावी’ जाणार नाही, हे सारे त्या कागदावर आधीच ठरलेले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, या दुसऱ्या कागदाची भाषा बदलली पाहिजे, आणि ती बदलेपर्यंत तो कागद गिऱ्हाइकाला नीट वाचून दाखवणे हे एजंटाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. म्हणणे साधे आहे. ते मला इतके महत्त्वाचे का वाटते, ते सांगते.

प्रथम त्या भाषेची थोडी ओळख. ‘नेट रेट’ म्हणजे एजंटाला पडणारा भाव. त्यावर त्याने आपला नफा चढवायचा. ‘अलॉटमेंट’ म्हणजे हॉटेलाने एजंटासाठी ठरावीक तारखेपर्यंत राखून ठेवलेल्या खोल्या; ती तारीख उलटली की खोल्या परत हॉटेलाच्या. ‘पंधरावर एक’ म्हणजे पंधरा माणसे आणा, सोळावे फुकट. ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणजे एकट्या माणसाने एकटे असल्याबद्दल भरायचा दंड. आमच्याकडे एक विधवा आजी आल्या होत्या, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगताना माझी जीभ अडखळली. ‘फॅम ट्रिप’ म्हणजे एजंटाला स्वस्तात किंवा फुकट घडवलेली परिचय-यात्रा, जेणेकरून त्याने परत येऊन तोंड भरून बोलावे. यातला एकही शब्द मुळात वाईट नाही. धंदा म्हटला की त्याची परिभाषा असायचीच. आमच्या समीक्षेलाही नाही का? पण या संपूर्ण परिभाषेत यजमान काय देतो आणि पाहुण्याकडून कसल्या वागण्याची अपेक्षा करतो, यांसाठी एकही शब्द नाही. आहे ते सगळे खोल्या, रात्री आणि डोकी यांचे गणित.

हे असेच असायला हवे होते का? इतिहास तसे म्हणत नाही. जपानमध्ये परदेशी पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी पहिली संस्था १८९३ साली टोकियोत निघाली. तिचे नाव ‘किहिनकाई’, म्हणजे सन्माननीय पाहुण्यांची मंडळी. ती काढण्यात उद्योगपती शिबुसावा एइची यांचा पुढाकार होता. नकाशे आणि मार्गदर्शक पुस्तके छापणे, चांगले वाटाडे मिळवून देणे, ओळखपत्रे देणे, अशी कामे ही मंडळी करी. गंमत अशी की, त्याच १८९३ सालच्या नोव्हेंबरात मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली. ती कापसासाठी होती, आणि तिच्यामागे एका बाजूला जमशेटजी टाटा, तर दुसऱ्या बाजूला हेच शिबुसावा उभे होते. २०२४ च्या जुलैपासून जपानच्या दहा हजार येनांच्या नोटेवर जो चेहरा आहे, तो याच गृहस्थांचा. म्हणजे मालाचा व्यापार आणि पाहुण्याचे स्वागत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी नांदत होत्या, आणि त्याने त्यांसाठी दोन वेगळी दुकाने मांडली होती. शिबुसावा काही संत नव्हते. पाहुणा खूश होऊन गेला तर देशाची पत वाढेल, परकीय चलन येईल, हा हिशेब त्यातही होताच. परंतु कापसाच्या गाठी आणि माणसे यांची एकाच वहीत नोंद करू नये, एवढे तारतम्य त्यांना होते.

पुढे १९१२ मध्ये ‘जपान टूरिस्ट ब्यूरो’ निघाला. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक भरले, आणि त्याच्या नऊच दिवस आधी, १ ऑक्टोबरला, टोकियो ते ओसाका ही शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन धावू लागली. ऑलिंपिकच्या पाहुण्यांसाठी घाईने उभारलेल्या एका हजारभर खोल्यांच्या हॉटेलात न्हाणीघरे एकेक करून बांधायला वेळ नव्हता. म्हणून कारखान्यात आख्खे न्हाणीघर तयार करून खोलीत बसवण्याची युक्ती निघाली. आज जपानच्या साध्या हॉटेलात गेलेला मराठी माणूस ज्या डबीसारख्या न्हाणीघरात कोपर आपटून घेतो, तिचा वंश हा असा ऑलिंपिकपर्यंत पोचतो.

२००३ साली जपान सरकारने परदेशी पर्यटकांना बोलावण्याची मोठी मोहीम हाती घेतली. त्या वर्षी सुमारे ५२ लाख परदेशी लोक आले होते. २०१३ मध्ये हा आकडा प्रथमच एक कोटीवर गेला, २०१९ मध्ये तो सुमारे ३ कोटी १९ लाख झाला. मध्ये कोरोनाची साथ येऊन गेली, आणि २०२४ मध्ये तो जवळजवळ ३ कोटी ६९ लाखांवर पोचला. २०३० पर्यंत सहा कोटी, असे सरकारी उद्दिष्ट आहे. २०२४ मध्ये भारतातून गेले ते २ लाख ३० हजारांच्या आसपास. एवढ्या सागरात आपला हा एक तांब्या. पण दरवर्षी तो मोठा होतो आहे, आणि म्हणूनच आमच्यासारख्या कचेऱ्यांपर्यंत आता थेट ऑफरी येऊ लागल्या आहेत.

आता या ऑफरी काय विकतात ते पाहा. दहातल्या नऊ पत्रकांवर वाट एकच: टोकियो, हाकोने, फुजी, क्योटो, ओसाका. हिला धंद्यात ‘गोल्डन रूट’, म्हणजे सोन्याची वाट, म्हणतात. ही वाट सुंदर नाही असे कोण म्हणेल? पण ती पत्रकावर येते ती सुंदर आहे म्हणून नव्हे. मोठ्या गटाला एका वेळी वीस-पंचवीस खोल्या देऊ शकणारी हॉटेले याच वाटेवर आहेत, बसगाड्या उभ्या करायला जागा याच वाटेवर आहे, आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परतण्याची सोय याच वाटेवर आहे. ज्या गावात खोल्यांची अलॉटमेंट मिळत नाही, ते गाव पत्रकापुरते जपानच्या नकाशावर नाही.

याचा परिणाम दोन्हीकडे दिसतो. फुजीच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको नावाचे गाव आहे. तिथल्या एका दुकानाच्या छपरामागे फुजी उभा दिसतो, आणि ते छायाचित्र काढण्यासाठी इतकी झुंबड उडू लागली की, २०२४ च्या मे महिन्यात गावाने त्या जागी अडीच मीटर उंचीचा काळा पडदा टांगला. ऑगस्टमध्ये तो उतरवला खरा; पण ज्या डोंगरासमोर हात जोडायचे, त्याच्यापुढेच पडदा ओढायची पाळी गावावर आली, ही गोष्ट उरलीच. क्योटोच्या गिओन भागात गेइशांमागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे त्याच वर्षी खासगी गल्ल्यांत प्रवेश बंद झाला. दंड दहा हजार येन. क्योटोच्या बसचा स्वस्त दैनिक पास पर्यटकांमध्ये इतका लोकप्रिय झाला की, म्हाताऱ्या गावकऱ्यांना बसमध्ये पाय ठेवता येईना. २०२३ च्या सप्टेंबरअखेर त्याची विक्रीच थांबवली. या बातम्या वाचून ‘पर्यटक बेशिस्त’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण सगळ्यांना एकाच गल्लीत, एकाच ऋतूत, एकाच वेळी पाठवले कोणी? पर्यटक गल्ली निवडत नाही. गल्ली निवडतो तो रकान्यांचा कागद.

आणि पर्यटकाच्या पदरी काय पडते? एक उदाहरण देते. पत्रकावर पुष्कळदा ‘सेमी-डबल रूम, दोन व्यक्ती’ असे असते. आपला एजंट समजतो, डबलपेक्षा थोडी लहान. प्रत्यक्षात जपानी ‘सेमी-डबल’ म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर रुंदीचा पलंग, म्हणजे चार फूट. खोली एकूण दीडशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. निवृत्तीच्या पैशातून आयुष्यातली एकमेव परदेशवारी करणाऱ्या, पासष्टीच्या पुढच्या जोडप्याला दोन मोठ्या बॅगांसह त्या खोलीत आठ रात्री काढायच्या असतात. यात हॉटेल खोटे बोललेले नाही. त्या देशात त्या शब्दाचा तो अर्थ सर्वांना माहीत आहे. माहीत नाही ते आपल्याकडे, आणि सांगितले नाही ते मधल्याने. किंवा रेल्वेचा पास घ्या. परदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन बुलेट ट्रेनचे भाडे २८ हजारांच्या आसपास. म्हणजे एवढाच प्रवास करणाऱ्याला तो पास आता आतबट्ट्याचा आहे. तरी पत्रकावर ‘पाससहित’ हे शब्द अजून ठळक टाइपात असतात, कारण ते ऐकायला भरघोस वाटतात.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो रियोकानचा. रियोकान म्हणजे जपानी पद्धतीची उतरण्याची जागा. पण लॉज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे येते ते नव्हे. तातामी नावाच्या गवती चटयांची जमीन, रात्री अंथरल्या जाणाऱ्या गाद्या, गरम झऱ्याचे सामायिक स्नानगृह, आणि ‘ओकामी’ म्हणजे घरच्या मालकिणीची सगळीकडे नजर. तिथला भाव बहुधा खोलीवर नसतो, माणसावर असतो, आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. जेवण ठरल्या वेळेला, संध्याकाळी सहा-सातला. स्वयंपाकघर माणसे मोजून दुपारीच कामाला लागलेले असते. आमच्या पत्रकावर यातले काय येते? ‘एक रात्र रियोकान, अस्सल जपानी अनुभव.’ मग होते काय की, बस दिवसभर चार ठिकाणे उरकून रात्री नऊला दारात येते. ओकामी वाकून नमस्कार करते. जेवण थिजलेले असते. पाहुणा म्हणतो, पलंग कुठे आहे? स्नानगृहात विवस्त्र उतरावे लागते हे तिथेच पहिल्यांदा कळते. सकाळी सातला बस निघते. पाहुणा सांगतो, पैसे फुकट गेले. ओकामी काय म्हणत असेल, ते विचारायला कोणी थांबत नाही.

ही घरे काही कालपरवाची नाहीत. यामानाशी प्रांतातले एक रियोकान इ.स. ७०५ मध्ये सुरू झाले असे मानतात, आणि जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून त्याची नोंद आहे. तेव्हा आपल्याकडे चालुक्यांचे राज्य होते, आणि वेरूळचे कैलास लेणे अजून डोंगराच्या पोटात होते. १९८० च्या सुमारास जपानमध्ये अशा परवानाधारक रियोकानांची संख्या ८३ हजारांच्या घरात होती. २०१७ पर्यंत ती ३९ हजारांच्याही खाली आली. कारणे अनेक आहेत: मुले धंद्यात राहत नाहीत, कर्जे फिटत नाहीत, लोकांना पलंग आवडू लागला. पण एक कारण आपल्या विषयाचे आहे. ऐंशीच्या दशकातल्या तेजीत मोठमोठ्या एजंटांनी कंपन्यांचे कर्मचारी बसगाड्या भरभरून गरम झऱ्यांच्या गावी पाठवले. त्या गटांच्या भरवशावर अनेक घरांनी कर्जे काढली, मजल्यावर मजले चढवले. मग तेजी ओसरली, गट येईनासे झाले. टोकियोच्या उत्तरेला किनुगावा नावाच्या गावी नदीकाठाने अशी कित्येक ओसाड हॉटेले कित्येक वर्षे फुटक्या खिडक्यांनिशी उभी राहिली. घाऊक भावाने दिलेले वैभव घाऊक भावानेच परत नेले. तेव्हा ही ऑफर नुसते पाहुण्याचे नशीब लिहीत नाही, घराचेही लिहिते.

जेवणाबद्दल बोलले नाही तर माझे मराठीपण सिद्ध व्हायचे नाही. कचेरीत पहिला प्रश्न येतो तो ‘शाकाहारी मिळेल ना?’ हाच. पत्रकावर उत्तर तयार असते: ‘विनंतीनुसार शाकाहारी’. परंतु जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे एक सार आहे, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात. सूप, भाजी, नूडल्सचा रस्सा, सगळ्यांत ते असते. वर मासा दिसत नाही म्हणून वाढणारी बाई निरागसपणे म्हणते, यात मासा नाही. ती लबाड नसते. तिच्या लेखी मासा म्हणजे तुकडा. मीठ घातलेल्या भाजीला आपण ‘मिठाची भाजी’ म्हणतो का? अशा वेळी ‘शाकाहारी’ या एका शब्दाचे भाषांतर करून भागत नाही, त्यामागचा आचार सांगावा लागतो. आणि नवल असे की, त्याच देशात पूर्ण शाकाहाराची थोर परंपरा आहे. बौद्ध मठांतले ‘शोजिन’ भोजन: त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आणि सारही समुद्रशेवाळाचे किंवा अळंब्यांचे. ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा प्रांतात कोयासान हा पर्वत आहे. कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी तिथे मठ वसवले. आज तिथली पन्नासेक मंदिरे यात्रेकरूंना उतरायला जागा देतात आणि हेच जेवण वाढतात. तिथल्या समाधिस्थानी दगडांवर कोरलेली सिद्धम् अक्षरे आपल्याच देशातून गेलेली आहेत. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात २०१३ मध्ये पर्यटनाचा करारही झाला.

म्हणजे मराठी माणसाला पोटभर शाकाहारी जेवण, अंगणातला बुद्ध आणि बाबासाहेबांचे दर्शन जिथे एकत्र मिळेल, अशी जागा ओसाकापासून दोनेक तासांवर आहे. आणि आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रकांत तिचे नाव नाही. मालकांना मी कारण विचारले. ते म्हणाले, “पोरी, तिथे चाळीस माणसांची सोय एका मंदिरात होत नाही, आणि देवळात कमिशन मागायचे कसे?” त्यांचे उत्तर प्रामाणिक होते.

तीच गोष्ट ओकायामाची. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर रचले आहे, ती कोराकुएन बाग ओकायामा शहरात आहे. ओसाकाहून हिरोशिमाला जाणारी बुलेट ट्रेन त्याच शहरावरून जाते. प्रतिकृतीत रोज सकाळी फिरणारी माणसे मूळ बागेवरून ताशी तीनशे किलोमीटरने निघून जातात, कारण पत्रकाने त्यांना तसे सांगितलेलेच नसते.

इथवर मी गैरसोयींबद्दल बोलले. पण स्वस्त ऑफरीची किंमत कधी कधी गैरसोयीत फिटत नाही. १५ जानेवारी २०१६ च्या पहाटे जपानमधल्या कारुइझावा या गावाजवळ घाटात एक बस कोसळली. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी तरुण मुले टोकियोहून रात्रीच्या प्रवासाला निघाली होती. पंधरा माणसे गेली: दोन चालक, आणि तेरा कॉलेजचे विद्यार्थी. आपल्याच वयाचे. चौकशीत बाहेर आले की, ती बस कायद्याने ठरवलेल्या किमान भाड्याहूनही कमी भाड्यात ठरवली होती, आणि चालकाला एवढ्या मोठ्या गाडीचा पुरेसा सराव नव्हता. ती सहल देशांतर्गत होती, परदेशी पाहुण्यांची नव्हती. पण भाव पाडण्याची साखळी सगळीकडे सारखीच. विक्रेता मध्यस्थाला दाबतो, मध्यस्थ बसवाल्याला, बसवाला चालकाच्या झोपेला. यानंतर जपानने प्रवासधंद्याचा कायदा बदलला. हॉटेल, बस, वाटाड्या यांची पडद्याआड जुळवाजुळव करणारे आणि पर्यटकाशी कधीच थेट व्यवहार न करणारे जे मधले व्यवस्थापक, त्यांना जानेवारी २०१८ पासून नोंदणी सक्तीची झाली. परदेशी पर्यटकांना दुकानांत कोंडून महागड्या वस्तू गळ्यात मारण्याच्या तक्रारीही या बदलामागे होत्या. त्या तेरा मुलांपैकी प्रत्येकाने आपल्या परीने स्वस्त सहल निवडली असेल. आपणही निवडली असती. कुठे काटकसर केली आहे, हे त्यांना कोणत्याही कागदाने सांगितले नव्हते.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मला दिसतात. पहिला: बाई, गिऱ्हाईकच भाव विचारते, समोरच्या दुकानात पाच हजार कमी म्हटले की ते उठून जाते. खरे आहे. पण गिऱ्हाईक भावच विचारते, कारण आपण त्याला विचारण्याजोगे दुसरे काही दिलेलेच नाही. पलंगाची रुंदी, जेवणाची वेळ, बस रात्री धावणार की दिवसा, चालक एक की दोन, हे त्याच्यासमोर ठेवा. मग तो भावाबरोबर आणखी चार प्रश्न विचारील. दुसरा आक्षेप: आता खोली ज्याची त्याला संगणकावर मिळते, एजंटाचा नफा आधीच आटला आहे, त्यात ही नीतीची भर कशाला? मला वाटते, नफा आटला म्हणूनच. खोली विकण्यात संगणक एजंटाला सहज हरवील. ‘काकू, या घरात संध्याकाळी पाचच्या आत पोचा, नाहीतर जाऊच नका,’ असे मायेने आणि खात्रीने सांगण्यात तो हरवणार नाही. एजंटाकडे यापुढे विकण्यासारखे उरणार आहे ते हेच. तिसरा आक्षेप आमच्या काही मित्रांचा: कलाशाखेच्या मुलीला धंद्यातले काय कळते? धंद्यातले थोडेच कळते. पण कोणता शब्द मूळ अर्थासह पोचला आणि कोणता वाटेत रिकामा झाला, हे पाहायला तीन वर्षे आम्हाला शिकवले आहे, आणि इथे नेमकी त्याचीच वाण आहे.

माझी मागणी फार नाही. ऑफरच्या कागदावर खोलीचे माप आणि पलंगाची रुंदी असावी. भाव खोलीचा की माणसाचा, हे स्पष्ट असावे. जेवणाच्या रकान्यात ‘विनंतीनुसार’ हा गुळमुळीत शब्द काढून काय घालतात ते लिहावे. बसच्या रकान्यात चालकांची संख्या असावी. आणि शेवटी एक रकाना यजमानाचा असावा: आमच्या घरी येणाऱ्याने काय जाणून यावे, हे त्याने दोन ओळींत सांगावे. जमल्यास पाच शहरांऐवजी तीनच शहरे असावीत. आठ दिवसांत पाच शहरे पाहणारा माणूस मुख्यतः बस पाहतो.

हे सारे जपानलाच लागू आहे असे नाही. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि तिथल्या पर्यटनसोयींसाठी जपानने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये कर्ज दिले. त्यांच्या दृष्टीने ती लेणी म्हणजे आपल्या धर्माच्या आजोळची भिंत. तरी परदेशी एजंटांना दिल्या जाणाऱ्या भारताच्या ऑफरींत दिल्ली-आग्रा-जयपूर हा ‘सोनेरी त्रिकोण’च मिरवतो, अजिंठ्याला एक दिवस जास्त लागतो, म्हणून ते रकान्याबाहेर. सोन्याच्या वाटेवर कोयासान नाही आणि सोन्याच्या त्रिकोणात अजिंठा नाही. दोन देशांना जोडणाऱ्या नेमक्या दोन जागा दोन्हीकडच्या हिशेबात गळाव्यात, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

आपल्यापैकी अनेकजण उद्या याच धंद्यात जातील. बी. ए. झालेल्याला नोकरी देणाऱ्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांत सहल-कचेऱ्या आहेत. कोणी तिथे पत्रके लिहील, कोणी गट घेऊन जाईल, कोणी काउंटरमागे बसेल. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दोन अनोळखी घरांमध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला नीट समजावून सांगणे, हे काम हलके नाही. दुभाष्याचा मान आपण देतो, तोच याला द्यायला हवा. मात्र त्या खुर्चीवर बसल्यावर समोरच्या वृद्ध जोडप्याला चेरीच्या फुलांचा कागद दाखवून झाला की, टेबलाच्या खणातला तो रकान्यांचा कागदही बाहेर काढावा, त्यांच्यासमोर ठेवावा, आणि ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवावा. भाव त्यांना त्यानंतर सांगावा.